रुळांकडेच्या पालकात कॅडमियम पोहोचते कसे?

ठाण्याहून कळव्याकडे जाताना, किंवा ट्रान्स हार्बर मार्गावर तुर्भे-सानपाड्याच्या आसपास, रुळांलगतचे भाजीचे वाफे लोकलच्या प्रवाशांना चांगलेच ओळखीचे आहेत. रेल्वेची मोकळी जमीन भाजीपाल्याच्या लागवडीसाठी देण्याची पद्धत जुनी आहे, आणि तिथला पालक, लाल माठ, चवळई, अळू नि भेंडी जवळच्या बाजारात येते. या भाजीविषयी घरोघरी दोन मते ऐकू येतात. मिठाच्या पाण्यात दोनदा धुतली की काळजी नाही, हे एक. आणि नाल्याच्या पाण्यावरची भाजी म्हणजे निव्वळ विष, हे दुसरे. दोन्ही मते अपुरी आहेत, कारण दोन्हींत झाडाचा विचारच केलेला नाही. धातू कोणता, माती कशी आणि आपण झाडाचा कोणता भाग खातो, या तीन गोष्टी कळल्याशिवाय भाजीविषयी काहीच ठामपणे सांगता येत नाही. आणि त्या कळायच्या तर धातूबरोबर मातीपासून पानापर्यंतचा रस्ता एकदा चालून पाहावा लागतो.

जड धातू म्हणताना साधारणपणे शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे आणि जस्त यांचा उल्लेख होतो. आर्सेनिक हा काटेकोर अर्थाने धातू नाही, तरी त्याचे वागणे आणि त्याचा धोका पाहून त्याला याच गटात धरतात. या यादीतील तांबे, जस्त आणि अत्यल्प प्रमाणात निकेल ही झाडाची गरज आहे; ते नसतील तर पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते. शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक यांचा मात्र शेतातल्या पिकांना काहीही उपयोग नाही. अडचण अशी, की झाडाच्या मुळाला हा भेद पुरेसा करता येत नाही.

मुळापर्यंत जाण्याआधी मातीत थोडे थांबायला हवे, कारण निम्मी गोष्ट तिथेच ठरते. मातीत धातू किती आहे यापेक्षा त्यातला किती पाण्यात विरघळलेला आहे, याला महत्त्व असते. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या मातीत तांबे आणि निकेल मुळातच बऱ्यापैकी असतात, पण त्यांचा मोठा भाग खनिजांच्या स्फटिकांत अडकलेला असल्याने मुळांच्या तो कामाचा नसतो. बाहेरून आलेला धातू चिकणमातीच्या कणांना, सेंद्रिय पदार्थांना आणि लोहाच्या ऑक्साइडना चिकटतो. शिसे तर इतके घट्ट धरले जाते, की ते मातीच्या वरच्या थरातून सहसा हलत नाही. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 साली थांबली. मात्र त्याआधीच्या काळात जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत जे शिसे साचले, ते नष्ट होणारे नाही. कॅडमियमचे वागणे याच्या उलट आहे. ते मातीला सैलसर धरून असते, आणि माती जितकी आम्लधर्मी तितके ते अधिक सुटते. चुन्याने आम्लता कमी केली, शेणखत किंवा कंपोस्ट मिसळले, की त्याची विरघळण्याची क्षमता घटते.

खाडीकाठच्या खारजमिनीत आणखी एक गोष्ट घडते, आणि ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाने ती मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. मिठातील क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवून त्याला मातीच्या कणांपासून सोडवते आणि पाण्यात तरंगते ठेवते. त्यामुळे कॅडमियमचे प्रमाण तेवढेच असले, तरी खाऱ्या मातीतील किंवा मचूळ पाण्यावर वाढलेल्या पिकात ते जास्त उतरू शकते. कारखान्यांचे सांडपाणी, सांडपाण्याचा गाळ, फेकलेल्या बॅटऱ्या, जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू, काही रंगद्रव्ये आणि फॉस्फेटयुक्त खते हे कॅडमियमचे नेहमीचे उगम आहेत. दिघ्यापासून नेरुळपर्यंत पसरलेली औद्योगिक वसाहत, तिच्या लगतची दाट वस्ती आणि दोहोंच्या पलीकडे खाडी अशी आपली रचना असल्यामुळे हे सारे दुवे येथे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

आता मुळाकडे. मुळाच्या टोकामागे केसांहून बारीक असे मूलरोम असतात. प्रत्येक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचा लांबट भाग. त्याच्या भोवती पाणी आणि विरघळलेल्या क्षारांचा पातळ थर असतो. पेशीच्या भित्तिकेवर ऋण भार असल्याने धन भाराचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आधी तिथेच चिकटतात. शिशाचा पुष्कळ भाग याच ठिकाणी अडकतो आणि पुढे जातच नाही. ज्यांना आत जायचे आहे, त्यांना पेशीचे पातळ पटल ओलांडावे लागते. या पटलात विशिष्ट प्रथिनांनी बनलेले वाहक असतात. लोहासाठी वेगळे, जस्तासाठी वेगळे, फॉस्फेटसाठी वेगळे. प्रत्येक वाहक आपला आयन ओळखतो तो मुख्यतः त्याच्या आकारावरून आणि भारावरून. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार चेहरा न पाहता नुसत्या गणवेशावरून माणूस आत सोडू लागला तर जे होईल, तेच इथे होते. कॅडमियमच्या आयनावर दोन धन भार असतात, तसेच ते जस्त, मँगनीज आणि लोहाच्या आयनावरही असतात, आणि आकारातही फार मोठा फरक नसतो. वाहक त्याला आत घेतो.

हा निव्वळ तर्क नाही. भाताच्या मुळात मँगनीज आत घेणारा एक वाहक आहे आणि भातात शिरणारे बहुतेक कॅडमियम त्याच्यातूनच येते. जपानी शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये कोशिहिकारी या लोकप्रिय जातीत आयनांच्या झोताने उत्परिवर्तने घडवली आणि ज्या रोपांत हा वाहक बिघडला होता ती निवडली. कॅडमियमने दूषित झालेल्या शेतातही त्या रोपांच्या दाण्यांत कॅडमियम जवळपास सापडले नाही. एकच मार्ग बंद केला आणि विषाची वाट बंद झाली, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा!

इतर धातूंचे मार्ग वेगळे आहेत, पण रीत तीच. हवेशीर मातीत आर्सेनिक ज्या रूपात असते, ते फॉस्फेटसारखे दिसते आणि फॉस्फेटच्या वाहकातून आत जाते. पाणी साचलेल्या भातखाचरात प्राणवायू संपला की त्याचे रूप बदलते. हे बदललेले रूप भात ज्या मार्गाने सिलिकॉन घेतो त्याच मार्गाने शिरते, हे 2008 मध्ये दाखवले गेले. भाताला सिलिकॉनची भूक मोठी, म्हणून आर्सेनिकही तो इतर धान्यांपेक्षा जास्त घेतो. विद्युत्विलेपनाच्या, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवण्याच्या, कारखान्यांतून येणारे सहा संयुजेचे क्रोमियम सल्फेटच्या वाहकातून आत शिरते; मुळात पोहोचताच त्याचे बरेचसे रूपांतर तीन संयुजेच्या क्रोमियममध्ये होते आणि ते तिथेच बसते, म्हणून पानांत क्रोमियम तुलनेने कमी चढते.

याच यंत्रणेतून एक निष्कर्ष निघतो, जो शेतकऱ्याने आणि गच्चीवर बाग करणाऱ्यानेही ध्यानात घ्यावा. लोहाची कमतरता भासली, की पालकासारखी झाडे मुळाभोवती आम्ल सोडतात आणि लोहाचे वाहक वाढवतात. वाहक वाढले, म्हणजे कॅडमियमसाठीही वाटा वाढल्या. शिवाय आम्लामुळे मातीतले कॅडमियम सुटते ते वेगळेच. म्हणजे उपाशी झाड अधिक विष घेते. जस्त आणि लोह पुरेसे असलेल्या मातीत हेच आयन वाहकापाशी कॅडमियमशी स्पर्धा करतात आणि त्याचा वाटा कमी होतो. मातीचे पोषण हा इथे केवळ उत्पन्नाचा प्रश्न राहत नाही.

मुळाच्या आडव्या छेदाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर बाहेर मूलरोमांचा थर, मग सैलसर पेशींचा रुंद पट्टा आणि मधोमध जलवाहिन्यांचा गाभा दिसतो. गाभ्याभोवती एका ओळीत घट्ट बसलेल्या पेशींचे कडे असते. त्याला अंतस्त्वचा म्हणतात. बाहेरच्या सैल भागात पाणी पेशींच्या मधल्या भित्तिकांतून, कोणत्याही पेशीत न शिरता, बरेच आत येऊ शकते. अंतस्त्वचेपाशी मात्र ही मोकळी वाट संपते. तिथल्या पेशींच्या बाजूच्या भित्तिकांत लिग्निन या लाकडाला कठीणपणा देणाऱ्या पदार्थाचा जलरोधक पट्टा असतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅस्परी यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला कॅस्परी पट्टा म्हणतात. या पट्ट्यामुळे पुढे जाणाऱ्या प्रत्येक आयनाला निदान एकदा तरी जिवंत पेशीचे पटल ओलांडावेच लागते. निसर्गाची ही तपासणी उत्तम आहे, पण ती अखंड नाही. मुळाच्या अगदी कोवळ्या टोकाशी पट्टा अजून तयार झालेला नसतो आणि जिथे आतून उपमूळ फुटून बाहेर येते तिथे कडे तात्पुरते भंगते. शिशाचा जो थोडा अंश वर चढतो, त्यातला काही अशा फटींतून जातो.

पेशीत शिरलेल्या धातूचे पुढे काय होते, हा या विषयाचा मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. कॅडमियम मोकळे राहिले तर प्रथिनांतील गंधकाच्या गटांना चिकटून त्यांचे काम बंद पाडते. झाड त्यावर उपाय करते. प्रत्येक पेशीत ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा, गंधकयुक्त रेणू असतो. कॅडमियमची चाहूल लागताच एक विकर (एन्झाइम) ग्लुटाथायोनचे तुकडे एकापुढे एक जोडून साखळी तयार करते. या साखळ्यांना फायटोकेलॅटिन म्हणतात. म्युनिकच्या ग्रिल, विनाकर आणि झेंक या शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये त्यांची ओळख पटवली. त्यातले विशेष असे, की या विकराला कामाला लावणारा धातूच असतो: धातू आला की साखळी तयार होते, आणि साखळीत तो बांधला जातो. बांधलेला धातू मग पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, ढकलला जातो. प्रौढ पेशीचा बहुतांश भाग या रिक्तिकेनेच व्यापलेला असतो आणि तिथे पेशीची नाजूक कामे चालत नाहीत, त्यामुळे तिथे साठलेला धातू झाडाला सहसा बाधत नाही. खाणाऱ्याला मात्र तो पुरेपूर मिळतो. भाजी हिरवीगार आणि टवटवीत दिसते यावरून तिच्यात धातू नाही असे का समजू नये, याचे कारण हेच आहे.

धातू मुळाच्या रिक्तिकेत अडकून पडणार की वर जाणार, हे त्या त्या जातीवर अवलंबून असते. भाताच्या काही जातींत कॅडमियम मुळाच्या रिक्तिकेत ढकलणारा पंप चांगला चालतो, काहींत तो बिघडलेला असतो. एकाच शेतात लावलेल्या दोन जातींच्या दाण्यांत कॅडमियमचे प्रमाण म्हणूनच खूप वेगळे येऊ शकते. जे मुळात अडकत नाही, ते दुसरे पंप गाभ्यातील जलवाहिन्यांत सोडतात. हे पंप खरे तर जस्त वर पाठवण्यासाठी असतात, आणि कॅडमियम इथेही जस्ताच्या नावावर पुढे सरकते. जलवाहिनीत धातू सहसा मोकळा नसतो. सायट्रेट, हिस्टिडीन, निकोटियानामाइन यांसारखे लहान रेणू त्याला धरून ठेवतात, म्हणजे वाटेत तो भित्तिकांना चिकटत नाही.

वर ओढण्याचे काम उन्हाचे आहे. पानांच्या रंध्रांतून पाण्याची वाफ जाते आणि त्या ओढीने मुळापासूनचा पाण्याचा सलग स्तंभ वर चढतो. तेरड्याचे रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवून देठात चढणारा रंग शाळेत अनेकांनी पाहिला असेल; तो रंग ज्या नळ्यांतून चढतो, त्याच जलवाहिन्या. पाणी पानातून उडून जाते, धातू पानातच राहतो. म्हणून मोठ्या, पातळ आणि भरपूर पाणी उडवणाऱ्या पानांत तो साठत जातो. पालक आणि माठ आजच्या वर्गीकरणात एकाच कुळात येतात, आणि दोन्ही पाने कॅडमियम सहज साठवतात.

फळाकडे आणि दाण्याकडे जाणारी वाट वेगळी आहे. फळ किंवा दाणा स्वतः फारसे पाणी उडवत नाही. त्याला अन्न पोहोचते ते रसवाहिन्यांतून. जलवाहिनीतून रसवाहिनीत जाताना धातूला पुन्हा जिवंत पेशी ओलांडाव्या लागतात आणि शिसे तिथे जवळपास अडतेच. कॅडमियम काही प्रमाणात पार होते. भातात खोडाच्या पेरांपाशी जलवाहिन्या आणि रसवाहिन्या एकमेकींजवळ येतात, तिथेच लोंबीकडे काय जावे आणि किती जावे याची वाटणी होते.

आता वाफ्यावरच्या त्या भाजीचा विचार अधिक नेमकेपणाने करता येतो. पानावर बसलेली धूळ, ब्रेकच्या घर्षणाने उडालेले कण आणि रस्त्यावरील मातीचे शिसे हे मुख्यतः बाहेरचे असते, आणि पालेभाजीतील शिशाचा मोठा वाटा बऱ्याचदा असा बाहेरूनच येतो. वाहत्या पाण्याखाली एकेक पान उलटसुलट धुतले, मुळाजवळचा मातीने भरलेला भाग कापून टाकला, तर त्यातला बराचसा जातो; अतिसूक्ष्म कण रंध्रांतून आत गेले असतील तर तेवढे राहतात. मुळ्याची, गाजराची नि बिटाची साल काढण्याचा उपयोग याच कारणाने होतो. कॅडमियमची गोष्ट निराळी. ते पेशीच्या आत, रिक्तिकेत बसलेले असते. मीठ, व्हिनेगर किंवा हळदीचे पाणी तिथवर पोहोचत नाही, आणि शिजवल्याने धातू नष्ट होत नाही. त्याच मातीत वाढलेल्या टोमॅटोत, भेंडीत किंवा शेंगेत मात्र ते सहसा पालकापेक्षा कमी असते. शंका असलेल्या जमिनीत पालेभाजीऐवजी फळभाजी लावणे हा, माझ्या मते, सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

कोडेक्स या अन्नाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पालेभाजीत एका किलोमागे कॅडमियम 0.2 मिलिग्रॅमपेक्षा आणि शिसे 0.3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. मर्यादा इतकी कडक का, तर कॅडमियम एकदा मूत्रपिंडात साठले की शरीराबाहेर पडायला दशके लागतात. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीत वरच्या खाणीचे पाणी मिसळत होते, त्या नदीच्या पाण्यावर पिकलेला भात लोकांनी वर्षानुवर्षे खाल्ला, आणि त्यांची हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना देऊ लागली. ‘इताई-इताई’ या नावाने ओळखला जाणारा तो आजार कॅडमियममुळे होतो, हे जपान सरकारने 1968 मध्ये मान्य केले. एक जुडी खाऊन असे काही होत नाही. धोका आहे तो एकाच ठिकाणची भाजी वर्षानुवर्षे रोज खाण्यात, आणि तो लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना अधिक आहे. गच्चीवर बाग करणाऱ्यांनीही कुंडीतली माती कुठून आली, हे विचारावे. पाडकामाच्या राडारोड्यात जुन्या रंगांचे पापुद्रे असतात, आणि घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचे बंधन आपल्याकडे 2017 मध्येच लागू झाले.

खाडीतल्या तिवरांनी हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला आहे. ऐरोलीच्या काठावर तिवराचे पान उन्हात उलटून पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. पानातील ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात, आणि त्याबरोबर थोडे जस्त व तांबेही बाहेर पडते. परंतु तिवराचा खरा बंदोबस्त मुळाशी असतो. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून झाड तो वरून मुळांपर्यंत पोहोचवते. त्यातला थोडा बाहेर झिरपतो आणि मुळावर लोहाच्या गंजाचा तांबूस थर बसतो, ज्यात धातू अडकतात. भोवतीच्या काळ्या, कुजक्या अंड्यांचा वास येणाऱ्या चिखलात ते गंधकाशी बांधले जाऊन सल्फाइडच्या रूपात स्थिर राहतात. हा चिखल उकरून उघड्यावर टाकला, की सल्फाइडला प्राणवायू मिळतो, आम्ल तयार होते आणि बांधलेले धातू पुन्हा पाण्यात येतात. ठाणे खाडी 2015 मध्ये रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. तिच्या काठची तिवरे तोडू नयेत असे म्हणताना पक्ष्यांचा विचार जितका करतो, तितकाच त्या चिखलात काय बांधून ठेवले आहे याचाही करावा.

काही मोजक्या वनस्पती याच्या अगदी उलट टोकाला आहेत. त्या धातू अडवत नाहीत, मुद्दाम वर ओढतात. न्यू कॅलेडोनियातील एका वृक्षाचा चीक निळसर हिरवा असतो आणि तो वाळवल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा भाग निकेल निघतो. भारतातही ओलसर जुन्या भिंतींवर उगवणारे टेरिस विटाटा हे नेचे आर्सेनिक आपल्या पानांत साठवते. फ्लोरिडातील दूषित जागेवर वाढलेल्या नेच्यावरून हे 2001 मध्ये जगासमोर आले. अशी झाडे लावायची, धातू भरला की कापायची, पुन्हा लावायची, आणि जमीन हळूहळू मोकळी करायची, ही कल्पना खरोखर चांगली आहे. पण ही झाडे बहुधा लहान असतात, सावकाश वाढतात आणि मुळे पोहोचतील तेवढ्याच खोलीपर्यंत काम करतात. शिशासारखा मातीला चिकटून बसलेला धातू त्यांच्याही हाती फारसा लागत नाही.

शिवाय कापलेल्या झाडाचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि आपल्याकडे तो जलपर्णीच्या बाबतीत रोजचा आहे. उल्हास नदीत आणि तलावांत माजणारी ही वनस्पती आपल्या लांब झुपकेदार मुळांत पाण्यातील धातू भराभर साठवते, म्हणून ती पाणी स्वच्छ करते असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण ती वेळेवर बाहेर काढली तरच. तिथेच कुजू दिली तर धातू गाळात आणि पाण्यात परत जातो. बाहेर काढलेल्या जलपर्णीचे गांडूळखत केले तरी धातू तसाच राहतो, उलट ढीग कुजून आटला की वजनाच्या हिशेबाने त्याचे प्रमाण वाढते. कारखान्यांच्या सांडपाण्याचा संबंध असलेल्या पाण्यातील जलपर्णीचे खत, कॅडमियम आणि शिशाची तपासणी प्रयोगशाळेत झाल्याशिवाय, खाण्याच्या कोणत्याही पिकाला घालू नये. तोवर ते रस्त्याकडेच्या झाडांना किंवा फुलझाडांना घालावे.